दुसरी भीती

प्रिय बाळ,

रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या पायरीवर तू विचारलंस, "काका, यंदाही एमपीएससीत राहिलो तर?" आणि उत्तराची वाट न बघता खिशातून मोबाइल काढून पाहिलास. निकालाची तारीखसुद्धा अजून लागलेली नाही. घरी आलो तरी तुझा तो सरकणारा अंगठा डोळ्यांपुढून हलेना.

'घाबरू नकोस' हे आईने सांगितलंच असेल. मी म्हणतो, भय धर. फक्त कशाचं, ते बघ.

बायबलात मार्कच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढ. गालीलचा समुद्र म्हणजे खरं तर तळंच, समुद्रसपाटीच्या २०० मीटर खाली, भोवती डोंगर. वारा उतरला की पाणी खवळतं. १९८६ साली दुष्काळात पाणी हटलं तेव्हा येशूच्या काळातली एक होडी चिखलात सापडली, जेमतेम ८ मीटरची. तसल्याच एखाद्या होडीत शिष्य, आणि प्रभू मागे उशी घेऊन झोपलेला. वादळात ते ओरडले, साहजिकच. पण पुढचं नीट वाच. प्रभूने दटावल्यावर वारा पडला, पाणी निवांत झालं, आणि मग त्यांना मोठं भय वाटलं; 'हा आहे तरी कोण?' असं ते एकमेकांना विचारू लागले. निवांत झाल्यावर! प्रभूने ज्या भित्रेपणाबद्दल झापलं त्याला ग्रीकमध्ये एक शब्द आहे, या भयाला वेगळाच. आपण दोन्हींना भीतीच म्हणून मोकळे होतो.

हे दुसरं भय मला वेळेवर आलं नाही. वडिलांच्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात तीन दिवस गुडघे टेकले. प्रार्थना कसली, सौदेच ते. दशमांश, म्हणजे चर्चला द्यायचा मिळकतीचा दहावा हिस्सा, वाढवतो इथपर्यंत मजल गेली. पाकीट उघडलं, काही निघालं नाही. मी काय केलं? पेढे आणले. पुड्याची दोरी दातांनी तोडली, वॉर्डभर वाटले आणि रिक्षाने घरी. 'हा आहे तरी कोण?' हे मनातही आलं नाही. वडील पुढे ११ वर्षं जगले. त्या ११ वर्षांतही नाही.

म्हणूनच परवा परीक्षार्थींच्या प्रार्थनासभेतून मी मध्येच उठलो. पाळकसाहेब अजून धड बोलत नाहीत. तऱ्हेवाईक म्हण हवं तर. मागू नये असं कुठे म्हणतोय मी? माग की! पण त्या निकालापुढे तू जसा थरथरतोस, ते थरथरणं प्रभूच्या वाट्याचं आहे. चर्चमध्ये वाढलेल्या पोराला हेही मीच सांगायचं?

निकाल लागेल त्या दिवशी, पास हो की नापास, लगेच मला फोन करू नकोस. आधी दार लाव आणि पंधरा मिनिटं गुडघ्यांवर गप्प राहा. काही मागायचं नाही. मग कर फोन. कितीही वाजू देत, मी जागा असेन.

तुझा,
काका