दोन वर्षांच्या मुलीला खाण्याच्या वस्तूंशी खेळू द्यावं का? हात चिकट झाले की ती रडते, आणि सासूबाई म्हणतात अन्नाशी खेळू नये.

द्या की. माझी लेक दहीभाताचं शीत बोटाला लागलं तरी भोकाड पसरायची. तिचं रडणं थांबलं ते कुरड्यांमुळे.

मागच्या एप्रिलात नागपूरच्या महाल भागात आईकडे कुरड्यांचा घाट होता. तीन दिवस भिजवलेले गहू वाटून, गाळून ठेवले होते. सकाळी वरचं पाणी ओतून टाकल्यावर खाली पांढराशुभ्र चीक बसलेला. आईने त्यातला वाटीभर परातीत घेतला, थोडं पाणी शिंपडलं आणि परात लेकीपुढे सरकवली. तिने आधी एकच बोट टेकवलं. जोरात दाबलं तर घट्ट, हळूच घातलं तर बोट आत बुडतं. मूठ वळली की गोळा, उघडली की बोटांतून ओघळ. "बाप्पा, किती चूपचाप बसली पोट्टी!" आई म्हणाली. हातावरचा चीक वाळला की पीठ होऊन झडून जातो, हे तिला कळलं आणि चिकटपणाची भीतीच गेली. आंबूस वास येतो, तोंडात मात्र घालू देऊ नका.

चीक नसेल तर कॉर्नफ्लोअर: दोन वाट्या पिठाला साधारण एक वाटी पाणी. उरलेलं मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो.

सासूबाईंचं म्हणाल तर त्या अगदीच चुकीच्या नाहीत. मीही ताटातलं अन्न खेळायला देत नाही. जे रांधायचं किंवा खायचंच आहे, ते हाताळू देते. मटार सोलणं, पोहे भिजवणं. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, तुम्ही वरून जरा फोडून दिलीत तर एवढ्याशा बोटांनाही सोलता येते. बिया आपण काढायच्या, आणि साल डोळ्यांजवळ पिळू द्यायची नाही, फार झोंबते.

कोरडे वाटाणे, चणे, शेंगदाणे मात्र अजिबात नकोत. माझ्या पुतण्याने वाटाणा नाकात सारला, तो आत फुगला आणि रात्री अकराला आम्ही धंतोलीत डॉक्टर शोधत फिरलो. कच्ची कणीकही खाऊ देऊ नये, तिच्यात जंतू असू शकतात.

पसारा गच्चीवर, जुनी चादर अंथरून. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत आटपा, नंतर फरशी पोळते.