दात खातो लेक, पण आधी नवऱ्याला आणा

प्रश्न: माझा मुलगा ६ वर्षांचा आहे. झोपेत इतक्या जोरात दात खातो, की करकर शेजारच्या खोलीत ऐकू येते. सासूबाई म्हणतात, पोटात जंत झालेत. नवरा हिंजवडीला आयटीत आहे. तोही रात्री दात खातो. सकाळी कानशिलं ठणकतात म्हणून रोज गोळी घेऊन निघतो. मुलाला नाइट गार्ड (झोपताना दातांवर बसवायचं कवच) बसवावा का?
– एक वाचक, वडगाव बुद्रुक

उत्तर: ताई, काळजी लेकाची आणि गोळ्या नवऱ्याला, असं चाललंय तुमच्याकडे!

मुलाला गार्ड नको. त्याचा जबडा अजून वाढतोय, दुधाचे दात पडायचेत. या वयात पुष्कळ मुलं दात खातात आणि पक्के दात येता येता बहुतेकांचं ते आपोआप थांबतं. जंतांमुळेच दात खातात, याला भक्कम पुरावा नाही. पण त्यावरून सासूबाईंशी वाद कशाला? १० फेब्रुवारीला, राष्ट्रीय जंतनाशक दिनी, शाळेत अल्बेंडाझोलची गोळी देतात. ती घेतली का, एवढं त्याला विचारा. तो घोरतो का, तोंड उघडं टाकून झोपतो का, हे मात्र रात्री नीट बघा. तसं असेल तर टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी म्हणजे अ‍ॅडेनॉइड वाढलेले असू शकतात. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

आता यजमान. त्यांना गालांवर, कानाच्या जरा खाली, बोटं ठेवून दात आवळायला सांगा. टणक फुगवटा हाताला लागेल. तो चावण्याचा स्नायू रात्रभर राबला की सकाळी जबडा आणि कानशिलं दुखणारच. दाढांचे उंचवटे झिजून सपाट झालेत का, हे तपासायला हवं, कारण झिजलेलं एनॅमल (दातावरचं टणक आवरण) पुन्हा येत नाही. ताण हे एक कारण, पण एकमेव नाही. संध्याकाळनंतरची कॉफी, सिगारेट, दारू, नैराश्यावरची काही औषधं यांनीही हे वाढतं. (औषध मनानं बंद करायचं नाही, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारायचं.) ते घोरत असतील, मध्येच श्वास अडकून दचकत असतील, तर झोपेची तपासणी आधी.

बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, की दिवसाही आपण दात आवळतो. वाकडच्या ट्रॅफिकमध्ये स्टिअरिंग धरलेल्यांचे जबडे बघा एकदा! खरं तर वरचे-खालचे दात टेकायचे ते चावताना आणि गिळताना. एरवी ओठ मिटलेले, दात सुटे. माझ्या एका पेशंटनं बायकोची टिकली लॅपटॉपच्या कोपऱ्यात चिकटवली होती; ती दिसली की जबडा सैल सोडायचा. ऑफिसात चेष्टा झाली, पण उपाय लागू पडला.

गार्ड लागलाच तर दाताचं माप देऊन बनवून घ्या. ऑनलाइन मिळणारा, गरम पाण्यात मऊ करून चावायचा गार्ड महिनोन्‌महिने वापरू नका. नीट बसला नाही तर चावा, म्हणजे वरचे-खालचे दात जुळण्याची ठेवण, बिघडू शकतो. आणि गार्डनं दात खाणं थांबेलच असं नाही, झीज मात्र वाचते. धुवायचा गार पाण्यानं. गिझरच्या कढत पाण्यानं तो वाकडा होतो आणि पुन्हा माप द्यायला यावं लागतं.