पाळी गेल्यानंतरचा थायरॉइड आणि ‘डी’ची पुडी

गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांत थायरॉइडची गोळी आणि व्हिटॅमिन डी यांचा एकच गोंधळ होता, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : पाळी जाऊन चार वर्षं झाली. व्हिटॅमिन डी भरून काढलं तर थायरॉइडची गोळी सुटेल, असं भिशीतल्या मैत्रिणी सांगतात. खरं आहे का?

उत्तर : नाही. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

प्रश्न : रोज सकाळी सातला अर्धा तास कोवळं ऊन घेते. तरी ‘डी’ १४ आलं. असं का?

उत्तर : कोवळ्या उन्हात बसून बरं वाटतं, पण कातडीत ‘डी’ तयार करणारे किरण तेव्हा फारच थोडे असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन कामाचं. खिडकीच्या काचेतून ते किरण आत येत नाहीत. वयानुसार कातडीची ‘डी’ तयार करण्याची ताकदही कमी होते. रक्तात दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता, तेव्हा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे सांगितली होती. बरं वाटलं म्हणून वर्षभर चालू ठेवली. चालेल ना?

उत्तर : नाही चालणार, आणि याच प्रश्नासाठी मला जास्त जागा हवी होती.

काही महिन्यांपूर्वी बासष्ट वर्षांच्या एका बाईंना त्यांची मुलगी घेऊन आली. महिनाभर बद्धकोष्ठ, सारखी तहान, उलट्या, आणि आता बोलण्यात घोळ. घरच्यांनी ॲसिडिटी समजून दिवस काढले होते. मुलीने पर्समधून रिकाम्या पुड्यांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. आठवड्याची पुडी बाई तीन महिने रोज दुधातून घेत होत्या. रक्तातलं कॅल्शियम धोक्याच्या पातळीवर होतं. त्यांना ॲडमिट करावं लागलं.

‘डी’ चरबीत विरघळतं. जादा झालेलं लघवीवाटे निघून जात नाही, महिनोन्महिने अंगात साठून राहतं. कॅल्शियम वाढतं आणि किडनीवर ताण येतो, मुतखडाही होऊ शकतो. ‘व्हिटॅमिनच आहे, त्याने काय होतंय’ हे वाक्य मला आता ऐकवत नाही. चिठ्ठी न बघता पुड्यांचा डबा हातात ठेवणारे दुकानदार आणि ‘हाडं ठणठणीत करा’ म्हणत सहा-सहा महिन्यांचे कोर्स विकणारे, दोघांचाही मला राग येतो. पुडी आज थांबवा. ‘डी’, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. तहान, उलट्या किंवा गोंधळलेपणा असेल तर आजच जा.

प्रश्न : थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी, दोन्ही सकाळीच घेते. विसरायला नको म्हणून.

उत्तर : चार तासांचं अंतर ठेवा. कॅल्शियम (आणि लोहसुद्धा) थायरॉइडच्या गोळीला आतड्यात धरून ठेवतं, मग टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा, गोळी कमी पडली की तो चढतो) वाढतो आणि डोस उगाच वाढवला जातो. थायरॉइडची गोळी उठल्यावर उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा ते एक तास आधी. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. वेळ बदलल्यावर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा.

प्रश्न : केस गळतात म्हणून बायोटिन (केसांसाठी विकलं जाणारं एक व्हिटॅमिन) सुरू केलं. आता टीएसएच एकदम कमी दाखवतोय. डोस निम्मा करू का?

उत्तर : आधी तपासणीवर शंका घ्या. बायोटिनमुळे काही लॅबच्या पद्धतींत टीएसएच खोटा कमी दिसतो. निदान दोन दिवस, डोस मोठा असेल तर आणखी जास्त दिवस ते थांबवून पुन्हा रक्त द्या आणि लॅबला तसं सांगा. मात्र टीएसएच खरोखरच कमी निघाला, तर दिरंगाई नको. पाळी गेल्यानंतर गोळीचा डोस जास्त झाला तर हाडं झिजतात आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील. जाताना सगळ्या गोळ्या आणि पुड्या पिशवीत घालून न्या, केसांच्या आणि आयुर्वेदिक म्हणून घेतलेल्याही.