लोखंडी रथ आणि किशोनचा चिखल

प्रश्न : मराठी बायबल पहिल्यांदाच सलग वाचायला घेतलं आहे. ‘शास्ते’ या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात अडलो. परमेश्वर यहूदाच्या वंशाबरोबर होता, त्यांनी डोंगराळ मुलूख घेतला, पण खाली सपाटीवरच्या लोकांना घालवता आलं नाही, कारण त्यांच्याकडे लोखंडी रथ होते, असं १९व्या वचनात आहे. देव पाठीशी असून लोखंडापुढे अडलं? आणि अख्खा रथ लोखंडाचा असतो का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेते, कारण तो माझ्या माहेरचा आहे. भवानी पेठेत आजोबांचं सुतारकामाचं दुकान होतं. बैलगाड्यांची आणि टांग्यांची चाकं त्यांच्याकडे यायची. तुंबा बाभळीचा, आरे बाभळीचे आणि सगळ्यात शेवटी लोखंडाची धाव. ती भट्टीत लाल करायची, चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. मग ती आकसून चाकाला अशी आवळायची की सांधे करकरायचे. त्या एवढ्याशा पट्टीच्या जोरावर गिऱ्हाईक ऐटीत सांगायचं, ‘आमची लोखंडी चाकांची गाडी’. बाकी सगळं लाकूडच. ‘शास्ते’मधल्या रथांचंही बरेच अभ्यासक असंच मानतात : सांगाडा लाकडी, आणि आख, चाकं, सांधे अशा झिजणाऱ्या जागी लोखंड. सगळा रथ लोखंडाचा केला तर दोन घोडी तो कसाबसा ओढतील, पळवणार नाहीत. आणि न पळणारा रथ म्हणजे चाकांवरचा ओटा.

रथाची सगळी गंमत हलकेपणात आहे. १९२२ मध्ये तुतनखामेनची कबर सापडली, तिच्यात सहा रथ होते. त्यांच्या चाकांची चित्रं मी भिंग घेऊन पाहिली आहेत. एकेक आरा दोन अर्ध्या भागांचा, लाकूड वाकवून एकमेकांना चिकटवलेला. त्यासाठीचं लाकूडसुद्धा इजिप्तबाहेरून आणलेलं. चाकाला धाव कच्च्या चामड्याची. तळाला फळी नाहीच, बाजेसारखं चामड्याच्या वाद्यांचं विणकाम, म्हणजे उभ्या माणसाला हिसके कमी. इजिप्तच्या रथावर माणसं दोनच, एक हाकणारा आणि एक धनुष्यवाला. हित्ती लोकांच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या त्या जुन्या साम्राज्याच्या, रथावर तीन. इ.स.पू. १२७४ मध्ये कादेशला हे दोन तऱ्हेचे रथ हजारोंनी समोरासमोर आले. तिथे लोखंडाचा काही संबंध नव्हता, तो काळ काशाचा.

आता देवाचं. रथाला सपाट, कोरडी, धोंडे नसलेली जमीन लागते. यहूदाचा मुलूख म्हणजे हेब्रोन-यरुशलेमच्या आसपासचे डोंगर. आपल्याकडे ज्ञानोबांच्या पालखीचा रथ दिवेघाट चढताना पाहिला असेल तर अधिक सांगायला नको. रस्ता पक्का, रथ देवाचा, ओढायला लाखो हात तयार, तरी जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. मावळात जड लष्कर घेऊन उतरण्याची किंमत १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाने मोजलीच. तेव्हा ते १९वं वचन मला देवाच्या पराभवापेक्षा नकाशासारखं वाटतं : वरचं आमचं, खालचं त्यांचं. अर्थात लेखकालाही ते बोचलं असावं. दुसऱ्याच अध्यायात वेगळं कारण येतं, की लोकांनी देवाशी केलेला करार मोडला म्हणून ही माणसं उरली. दोन्ही कारणं शेजारी शेजारी ठेवलेली आहेत, कोणी एक खोडलेलं नाही. मला हे आवडतं.

पुस्तक तिथेच सोडू नका, चौथा आणि पाचवा अध्याय वाचाच. सीसरा नावाचा कनानी सेनापती, नऊशे लोखंडी रथ. समोर इस्राएलांचा बाराक, दहा हजार माणसं घेऊन ताबोर डोंगरावर. त्याला तिथे पाठवलं दबोरा नावाच्या बाईने. सीसरा रथ घेऊन किशोन नदीच्या काठी येतो. चौथ्या अध्यायात फक्त एवढंच की परमेश्वराने त्याची दाणादाण उडवली आणि सीसरा रथातून उतरून पायी पळाला. कसं, ते पाचव्यातल्या दबोराच्या गाण्यातून कळतं : मेघांनी पाणी ओतलं, आकाशातून तारे लढले, किशोनने त्यांना वाहून नेलं. म्हणजे पाऊस, पूर आणि चिखल. मृगाच्या पहिल्या सरींनंतर काळ्या रानात गाडी घालून पाहिलेल्या माणसाला याच्यावर भाष्य नको. सीसराला पुढे याएल नावाच्या बाईने तंबूत मारलं, मेखेने. पण मला त्या गाण्यातली तिसरीच बाई विसरता येत नाही. सीसराची आई खिडकीत उभी आहे आणि विचारते आहे, त्याच्या रथाला इतका उशीर का, चाकांचा आवाज अजून का येत नाही? शत्रूच्या आईला असं खिडकीत उभं करणारं गाणं विजयाचं आहे, हे सांगूनही खरं वाटत नाही.

चाक हे या ग्रंथात पुन्हा पुन्हा येतं. ‘निर्गम’च्या चौदाव्या अध्यायात फारोचे सहाशे निवडक रथ इस्राएलांच्या पाठलागावर निघतात आणि समुद्राच्या पोटात त्यांची चाकंच गळतात. मूळ हिब्रूत ‘चाकं काढली’ असं आहे, जुन्या ग्रीक भाषांतरात ‘आख जखडले’. आजोबांनी दोन्हींची मजुरी सारखीच घेतली असती. हिब्रूतला पुढचा शब्द मात्र खरा सुताराचा आहे : रथ ‘जड’ चालू लागले.

तुम्हाला कर्ण आठवला असेल. मलाही आठवतो. पण फरक पाहा. महाभारतात आपण रथात बसलेले असतो. गीता आपण कृष्णाच्या मागे उभे राहून ऐकतो, महारथी कोण आणि अतिरथी कोण हे मोजतो. एका अक्षौहिणीत रथ २१,८७०, हे आमच्या मास्तरांनी छडी हातात घेऊन पाठ करून घेतलं होतं. चाक रुतलं की आपला जीव रथातल्या माणसासाठी तुटतो. हिब्रू ग्रंथातला माणूस खाली उभा आहे, पायी, आणि त्याच्यावर धावून येणारं हे यंत्र दुसऱ्याचं आहे. चाक रुतलं की तो देवाचे आभार मानतो. एकच चिखल, बघणारा कुठे उभा आहे एवढाच प्रश्न.

प्रश्न : तुम्ही म्हणता ते मान्य, पण मग शलमोन राजाचे रथ कुठून आले? यहुद्यांना रथ वर्ज्य होता की नव्हता? (सदाशिव पेठ)

उत्तर : वर्ज्य म्हणता येणार नाही. सासुरवाशिणीने श्रीमंत माहेरच्या जावेकडे पाहावं, तसं ते नातं आहे : नावं ठेवायची आणि डोळा तिच्याच दागिन्यांवर. ‘अनुवाद’च्या सतराव्या अध्यायात राजाला बजावलं आहे की घोडे फार वाढवू नकोस. लोकांनी राजा मागितला तेव्हा म्हाताऱ्या शमुवेल संदेष्ट्याने पहिली धोक्याची सूचना दिली ती हीच : तो तुमची पोरं घेऊन आपल्या रथांपुढे पळवील. आणि शलमोनाने नेमकं तेच केलं. चौदाशे रथ, बारा हजार स्वार. ‘१ राजे’च्या दहाव्या अध्यायात भावही दिला आहे : इजिप्तहून आणलेला रथ सहाशे शेकेल चांदी, घोडा दीडशे. एका रथाच्या पैशात चार घोडे. टांग्याच्या धंद्यात वाढलेल्या कोणालाही हा हिशेब नवा वाटणार नाही.

इस्राएली राजाच्या रथांचा याहून मोठा आकडा अश्शूरच्या दगडावर आहे. इ.स.पू. ८५३ मध्ये करकर इथे अश्शूरचा राजा तिसरा शल्मनेसर याच्याविरुद्ध बारा राजांची फळी उभी राहिली. त्याने कोरून ठेवलेल्या यादीत ‘इस्राएलचा अहाब’ येतो, २,००० रथ आणि १०,००० पायदळ घेऊन. आकडा फुगवलेला असेल, काही जाणकारांना तशी शंका आहेच. पण त्या यादीत सगळ्यात जास्त रथ त्याचेच आहेत. बायबलमध्ये या लढाईचा उल्लेखही नाही. तिथला अहाब वेगळाच : भटकलेला एक बाण चिलखताच्या सांध्यात घुसतो, सारथ्याला तो मागे वळायला सांगतो, पण रण तापलेलं असतं. संध्याकाळपर्यंत त्याला रथातच टेकवून उभा ठेवतात आणि रक्त रथाच्या तळाशी साचतं. दोन हजार रथांच्या धन्याचा लेखकाने जपून ठेवलेला शेवटचा रथ हा असा.

स्तोत्रसंहितेतल्या विसाव्या स्तोत्राचंही विचारलं आहे, कोणी रथांवर, कोणी घोड्यांवर ‘भिस्त ठेवतो’. ही भिस्त भाषांतरकारांची आहे. हिब्रूत त्या अर्ध्या ओळीत क्रियापदच नाही : हे रथ घेऊन, ते घोडे घेऊन, आणि आम्ही? आम्ही नाव घेऊ. रणात नाव घेऊन तुटून पडणं ‘हर हर महादेव’ म्हणणाऱ्यांना समजावून सांगायला नको.

प्रश्न : रथ रणांगणावरून गेला कधी? (औंध)

उत्तर : घोड्यावर बसून बाण मारायला माणूस शिकला, तेव्हापासून तो जायला लागला. एका घोड्याच्या जागी दोन घोडे, सुतार आणि सारथी कोण पोसणार? इ.स.पू. ३३१ मध्ये गौगामेला इथे इराणचा राजा दारयवहू याने चाकांना पाती लावलेले रथ सोडले. अलेक्झांडरच्या लोकांनी वाट करून दिली आणि ते मधून निघून गेले. पाचच वर्षांनी झेलमकाठी पोरसाचा मुलगा १२० रथ घेऊन त्याच्यावर गेला. जमीन चिखलाची होती, एवढं सांगते.

प्रश्न : रास्ता पेठेतल्या आमच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, शेजाऱ्यांकडून दर वर्षी मलिदा, त्यांचा नवसाचा पोह्यांचा प्रसाद, येतो. यंदा आजी म्हणाल्या, एलियाहू हन्नाबीचा रथ कोकणातून वर गेला. हे बायबलात आहे का? शिवाय नातू विचारतो, इस्रायलचा मेरकावा रणगाडा आणि हा रथ यांचा काही संबंध? (रास्ता पेठ)

उत्तर : नातवाचं सोपं आहे. मेरकावा म्हणजे हिब्रूत रथच, रणगाडा १९७९ मध्ये सैन्यात आला. गंमत अशी की याच शब्दावरून यहुदी गूढवादाचा एक मोठा पंथ उभा राहिला. यहेज्केल संदेष्ट्याला खबार नदीकाठी दिसलेली, चाकात चाक असलेली, देवाचं आसन वाहणारी ती रचना. तिला ‘मेरकावा’ हे नाव मागाहून लोकांनी दिलं, यहेज्केलच्या त्या वर्णनात तो शब्द नाही.

आजींचं. अलिबागजवळ सागाव इथे खडकावर चाकाच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा दाखवतात. बेने इस्राएल मंडळी त्या जागेला एलियाहू हन्नाबीचा टापा म्हणतात आणि तिथे नवस फेडायला, मलिदा करायला जातात. बायबलमध्ये कोकण नाही. तिथे ‘२ राजे’च्या दुसऱ्या अध्यायात एलीया, म्हणजे आजींचा एलियाहू हन्नाबी, यार्देन नदीपलीकडे असताना अग्नीचा रथ मध्ये येतो, तो वावटळीतून वर जातो आणि चेला अलीशा ओरडतो, ‘माझ्या बापा, माझ्या बापा, इस्राएलाचे रथ आणि त्याचे स्वार!’ इथे ‘रथ’ला हिब्रूत ‘रेखेव’ हा शब्द आहे, म्हणजे एक रथ नव्हे, अख्खं रथदळ. म्हातारा एकटाच त्यांची फौज होता, असं तो म्हणतो आहे.

मात्र आजींना तेराव्या अध्यायातही नेऊन बसवा. अहाबाच्या दोन हजारांपासून वर्षं लोटली आहेत, शेजारच्या अरामी लोकांनी देश तुडवला आहे, इस्राएलाच्या राजाकडे उरलेत स्वार पन्नास आणि रथ दहा. अलीशा आता स्वतःच म्हातारा होऊन अंथरुणाला खिळला आहे. तरुण राजा योवाश येतो, त्याच्या तोंडावर वाकून रडतो आणि तेच शब्द उच्चारतो : माझ्या बापा, इस्राएलाचे रथ आणि त्याचे स्वार! अलीशा त्याला म्हणतो, धनुष्यबाण आण, पूर्वेकडची खिडकी उघड.