फोन वाचून दाखवणार, मग पोरगं वाचणार कधी?

डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही अक्षरं वाचताना अडायला होणं, अशी अडचण असलेल्या मुलाच्या पालकांपुढे मोबाईलवरच्या साधनांचा विषय काढला, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. फोनच वाचून दाखवायला लागला तर हा स्वतः वाचायला शिकणार कधी? आई विचारते, वडील विचारतात, कधी वर्गशिक्षकही विचारतात. शंका रास्त आहे. 'काही होत नाही हो' म्हणून ती उडवून लावावी असं मला वाटत नाही. त्यापेक्षा एका मुलाबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून नाव आणि घरचे तपशील बदलले आहेत.

समर्थ तेव्हा सातवीत होता, मराठी माध्यमात. वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानावर दिवाणजी, आई घरी शिलाई करायची. शाळेचा शेरा दर वर्षी तोच: हुशार आहे, पण आळशी. आळशीपणाचा पुरावा म्हणून आईनंच एक गोष्ट सांगितली. गॅदरिंगच्या नाटकात त्याचं मोठं काम होतं आणि स्वतःचेच नाही, तर इतरांचेही सगळे संवाद त्याला पाठ होते. "नाटक पाठ होतं, मग धडा का होत नाही?" सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, 1843 साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचा खेळ इथंच उभा केला. तेव्हा पोराच्या नाटकवेडाचं कुणाला नवल नव्हतं. मी एवढंच विचारलं, की संवाद त्याला वाचून कोण दाखवायचं? थोरली बहीण. नाटक कानानं पाठ झालं होतं. धडा डोळ्यांनी पाठ करायचा होता, तिथं गाडी अडत होती.

डोळे आणि कान आधी तपासून घेतले. तिथं काही निघालं नाही, तेव्हा विशेष शिक्षिकेकडून चाचणी करून घेतली, आणि ती मराठीतून. हे मुद्दाम सांगते. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी परिच्छेद वाचायला देऊन काढलेल्या निष्कर्षावर मी फारसं विसंबत नाही. भारतीय भाषांसाठी 'डाली' नावाचा चाचणीसंच आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं तो पुढाकार घेऊन तयार केला आणि त्यात मराठीही आहे.

मराठी जसं लिहितो तसं वाचतो, त्यामुळे आपल्याकडे डिस्लेक्सिया नसतोच, असा एक समज आहे. तो खरा नाही. आपल्याकडचं मूल बऱ्याचदा चुकतं कमी, पण अडतं फार. घ-ध, भ-म, थ-य अशा जोड्यांत घोटाळा होतो. पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी येते आणि उच्चारात नंतर. रफार डोक्यावर असतो एका अक्षराच्या, पण म्हणायचा असतो त्याच्या आधी. जोडाक्षर आलं की संपलंच. समर्थनं माझ्यासमोर विज्ञानाच्या पुस्तकातला वनस्पतींच्या पोषणाचा एक परिच्छेद वाचला. 'पर्णरंध्रे' या शब्दावर तो थांबला. 'प', मग 'ण', मग 'पणर', मग माझ्याकडे बघणं, मग अंदाजानं 'पाणी'. परिच्छेद संपेपर्यंत कपाळावर घाम. काय वाचलंस विचारलं, तर म्हणाला, "झाडाचं कायतरी हाय."

मग तोच परिच्छेद मी माझ्या फोनला वाचायला लावला. समर्थनं एकदा ऐकला, पुन्हा एकदा ऐकला, आणि विचारलं, "मग रात्री ऊन नसतंय तेव्हा झाड काय खातंय?" सातवीच्या वर्गात हा प्रश्न विचारणारी मुलं फार नसतात.

वडील शेजारीच बसले होते. त्यांनी ते ऐकलं, त्यांना बरंही वाटलं असणार, पण शंका गेली नाही. म्हणाले, "मॅडम, आमच्या दुकानात बघा. पूर्वी अडत, तोलाई, हमाली सगळं तोंडी. पट्टी लिहायच्या आधी आकडा डोक्यात तयार. कॅल्क्युलेटर आला आणि नव्या पोरांचे तोंडी हिशेब पार बंद झाले. ह्याचं तसंच व्हायचं की ओ."

या शंकेला माझ्या ऐकण्यात आलेली ही सगळ्यात चांगली मांडणी आहे, आणि ती अर्धी खरी आहे. साधन आलं आणि सराव सुटला, तर कौशल्य जातं. पण आपण ज्याला 'वाचणं' म्हणतो त्यात दोन कामं असतात. एक, अक्षरावरून आवाज आणि आवाजावरून शब्द काढणं. दुसरं, त्यातला अर्थ डोक्यात घेणं. समर्थचं पहिलं काम साधारण दुसरीच्या पातळीवर होतं आणि दुसरं सातवीच्याही पुढं. पहिलं जमेपर्यंत दुसरं अडवून धरलं, तर विज्ञान, इतिहास, नवे शब्द, सगळंच मागं राहतं. डिस्लेक्सियाच्या मुलाचं खरं नुकसान तिथं होतं. म्हणून वाटणी केली. विषय समजून घ्यायचं काम कानानं. वाचनाचा सराव रोज वेगळा, थोडा वेळ, त्याच्या पातळीच्या मजकुरावर, आणि त्या वेळी फोन बंद. वडिलांच्या कॅल्क्युलेटरवाल्या शंकेचं उत्तर या दुसऱ्या भागात होतं.

सरावासाठी प्रथम बुक्स या संस्थेच्या 'स्टोरीवीव्हर' या वेबसाइटवरची मराठी पुस्तकं वापरली. तिथं पातळ्या एक ते चार आहेत, सगळं मोफत आहे. सातवीच्या मुलाला दुसऱ्या पातळीचं पुस्तक देताना त्याचा अपमान होऊ नये याची काळजी घ्यावी लागते. समर्थला सांगितलं, की हे तू धाकट्या चुलत बहिणीला वाचून दाखवायचंस. त्याला कारण मिळालं, तिला गोष्ट मिळाली. अक्षर-आवाजाची मूळ शिकवण मात्र विशेष शिक्षिकेकडूनच. ते काम कुठलंही अ‍ॅप करत नाही, आणि 'आमचं अ‍ॅप घ्या, महिन्यात डिस्लेक्सिया बरा' असं कुणी सांगत असेल तर पैसे खिशातच ठेवावेत.

आता कानाचं काम. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत 'सिलेक्ट टू स्पीक' असतं. ते चालू केलं, की पडद्यावरचा मजकूर निवडायचा आणि फोन तो वाचतो. मराठी आवाज आधी डाउनलोड करून ठेवावा लागतो, म्हणजे नेट नसतानाही चालतं. बोलण्याचा वेग कमी करायला विसरू नका; सुरुवातीला ठेवलेला वेग बऱ्याच मुलांना झेपत नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, पण इथं एक ठेच लागते. मराठीतल्या कित्येक पीडीएफ युनिकोडमध्ये, म्हणजे फोनला अक्षरं ओळखता येतील अशा पद्धतीत, नसतात. डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसतं आणि फोन भलतंच बरळतो. समर्थच्या बहिणीनं दोन संध्याकाळी यात घालवल्या आणि फोन बिघडला असं ठरवून टाकलं. यावर उपाय म्हणजे गूगल लेन्स. छापील पानाचा फोटो काढला की ते अक्षरं ओळखतं आणि वाचूनही दाखवतं. पान सपाट हवं, उजेड नीट हवा, आणि नेट हवं. पुस्तकाच्या शिवणीजवळच्या ओळी वाकड्या आल्या तर तेवढ्या गाळून बसतं.

संगणक किंवा लॅपटॉप असेल तर मायक्रोसॉफ्ट एज ब्राउझरमध्ये 'इमर्सिव्ह रीडर' आहे. पानावरची जाहिरात आणि पसारा जातो, अक्षर मोठं करता येतं, दोन अक्षरांतलं अंतर वाढवता येतं, एका वेळी एकच ओळ उजेडात ठेवता येते. मोठ्यानं वाचायला मराठी आवाज आहेत, आरोही आणि मनोहर. समर्थनं मनोहर निवडला. म्हणे, हा आमच्या पीटीच्या सरांसारखा बोलतो. वाचला जाणारा शब्द त्या क्षणी रंगतो, आणि मूल कान देता देता डोळ्यांनीही शब्द धरत जातं, हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

पण खरं सांगू? समर्थच्या घरी सर्वांत जास्त चाललं ते यातलं काहीच नव्हतं. बहीण व्हॉइस रेकॉर्डरवर धडा वाचून ठेवायची. तिला माहीत होतं तो कुठं अडखळतो, कुठं थांबून अर्थ सांगायचा. परीक्षेच्या आदल्या रात्री तिची रेकॉर्डिंगं लागायची, मनोहर नाही.

मोबाईल हातात दिला की रील्स सुरू होतील, ही दुसरी धास्ती. ती तर शंभर टक्के खरी. घरात कोपरा फुटलेला जुना फोन पडून होता. सिम काढलं, खेळ काढले, मराठी आवाज उतरवून घेतला, रेकॉर्डर ठेवला. लेन्स लागेल तेव्हा आईच्या फोनचं हॉटस्पॉट, आईसमोर. ज्यांच्याकडे एकच फोन आहे त्यांनी 'अ‍ॅप पिनिंग' चालू करावं. पिन टाकल्याशिवाय मुलाला दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जाता येत नाही, तशी सोय त्यात आहे.

लिहिण्याची गोष्ट वेगळी आणि जास्त गमतीची. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठी बोलून टाइप करण्याची सोय 2017 पासून आहे. समर्थनं पहिल्यांदा निबंध सांगितला तो आपल्या सांगलीच्या बोलीत. "आम्ही मळ्यात गेलतो" म्हटलं की फोन 'गेल तो' असे दोन तुकडे लिहायचा. चूक झाली हे त्याला डोळ्यांनी दिसत नव्हतं. मग युक्ती अशी केली, की लिहून झालेलं त्याच फोनला वाचायला लावायचं. डोळ्यांना न सापडलेली चूक कानाला लगेच सापडायची. "असं न्हाई म्हटलो मी!" म्हणून तो फोनवर चिडायचा आणि वाक्य पुन्हा सांगायचा. हळूहळू तोंड उघडण्याआधी वाक्य मनात पुरं करायची सवय लागली.

ही सवय परीक्षेसाठी हवी होती. बोर्डाच्या परीक्षेत फोन मिळत नाही. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या मुलाला वाढीव वेळ आणि लेखनिक मिळू शकतो, आणि लेखनिक सहसा खालच्या वर्गातला विद्यार्थी असतो. तो उत्तर रचून देत नाही, सांगाल ते लिहितो. आयुष्यात कधी उत्तर तोंडी सांगितलंच नाही असा मुलगा लेखनिकासमोर बसला की गप्प होतो. बोलून टाइप करण्याचा सराव असलेला गप्प होत नाही. एआयकडून अख्खं उत्तर लिहून घेणं यात धरत नाही. तिथं मुलाचं डोकं वापरलंच जात नाही.

वर्गशिक्षिकेनं विचारलं, बाकीच्या पोरांवर हा अन्याय नाही का? मी म्हटलं, त्याला उत्तर सांगत नाही, प्रश्न ऐकवतो आहोत. शिवाय 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे आणि डिस्लेक्सिया तिच्यातच मोडतो, म्हणजे ही कुणाची मेहेरबानी नाही. बाईंनी पुढच्या घटक चाचणीत प्रश्न त्याला वाचून दाखवले. एवढ्यावर त्या तयार झाल्या, मला पुरेसं होतं.

मधेच पुण्याच्या मामांनी 'डिस्लेक्सियासाठी खास फॉन्ट' आणि वाचताना पानावर ठेवायचे रंगीत प्लास्टिकचे कागद पाठवले. ओपनडिस्लेक्सिक हा फॉन्ट 2011 पासून मोफत मिळतो, पण तो रोमन अक्षरांसाठी आहे, देवनागरीसाठी नाही. आणि इंग्रजीतही त्यानं वाचनाचा वेग वाढतो असं अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही. रंगीत कागदांचंही तेच. अक्षर मोठं आणि मोकळं ठेवणं मात्र बऱ्याच मुलांना मानवतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत. मामांना दुखवायचं नव्हतं म्हणून कागद भूगोलाच्या प्रकल्पाला वापरले.

तर पोरानं वाचायचं सोडलं का? नाही. वेगही फार वाढला नाही, तो आजही हळूच वाचतो. पण विज्ञानाच्या धड्याची वही उघडायला तो आता टाळाटाळ करत नाही, आणि ऐकून ओळखीचा झालेला शब्द छापील पानावर दिसला की अडखळला तरी सोडून देत नाही. 'पर्णरंध्रे' आता नीट वाचतो. माझा अनुभव असा, की वाचन सोडतात ती मुलं बहुतेक रोजच्या हरण्याला कंटाळून सोडतात. ऐकायला मिळालं म्हणून सोडणारं मूल माझ्या पाहण्यात नाही.

वडिलांचा पुढचा प्रश्न होता, आठवीला सेमी घ्यायचं का. घाई नको, म्हटलं. इंग्रजीत साधनं मराठीपेक्षा कितीतरी जास्त आहेत हे खरं, पण इंग्रजी स्पेलिंग मराठीसारखं आवाजाला धरून चालत नाही आणि या मुलांची तिथं जास्त दमछाक होते. त्यांनी मराठीच ठेवायचं ठरवलं. सरकारी रुग्णालयातल्या प्रमाणपत्राची कागदपत्रं आठवीतच सुरू करा, दहावीचा फॉर्म भरायच्या वेळी धावाधाव नको, एवढं मी त्यांना कागदावर लिहून दिलं. सोमवारी हळदीचे सौदे असतात, मंगळवारी जातो म्हणाले.