मधल्या टेबलावरून : अधिवेशनाबद्दल वाचकांचे प्रश्न

माझी नोकरी विधानमंडळात प्रतिवेदक म्हणून झाली. अध्यक्षांच्या आसनासमोरच्या टेबलाशी बसून सदस्य जे बोलतील ते लघुलिपीत उतरवून घ्यायचं, हे आमचं काम. टीव्हीवर सभागृह दिसतं तेव्हा आमची फक्त वाकलेली डोकी दिसतात. नागपूरचं 2025 चं हिवाळी अधिवेशन 8 डिसेंबरला सुरू झालं आणि 14 तारखेला संपलं. त्याबद्दल तुम्ही पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही निवडून, अधिवेशन चालू असतानाच ही उत्तरं लिहिली.

नागपूर करारात सहा आठवड्यांचं अधिवेशन ठरलं असताना सरकार सात दिवसांत गुंडाळतं. हा कराराचा भंग नाही का? (एक वाचक, नागपूर)

नाही. करारात सहा आठवडे लिहिलेलेच नाहीत. विदर्भाने मराठी राज्यात यावं म्हणून 28 सप्टेंबर 1953 ला झालेल्या त्या करारात एवढंच आहे की शासनाने ठरावीक काळ नागपूरला मुक्काम हलवावा आणि विधिमंडळाचं वर्षातून किमान एक अधिवेशन तिथे व्हावं. किती दिवसांचं, ते मोकळं सोडलंय. कोविडच्या काळात 2020 आणि 2021 ची हिवाळी अधिवेशनं तर मुंबईतच झाली. या वेळी नगरपालिकांच्या निवडणुकांची धामधूम आहे, म्हणून शनिवार-रविवारही कामकाजात घेतलाय.

विदर्भाच्या माणसाने सरकारला धरायचंच असेल तर दिवसांवरून धरू नये. राज्यघटनेच्या अनुच्छेद 371(2) खाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन विकास मंडळं 1994 मध्ये स्थापन झाली होती. त्यांची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. ती पुन्हा उभी करायचा निर्णय मंत्रिमंडळाने 2022 मध्ये घेतला, मंडळं मात्र अजून कागदावरच आहेत. अधिवेशन दहा दिवसांनी वाढलं तर नागपूरच्या हॉटेलवाल्यांचं भलं होईल. अनुशेषाचं, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या भागाच्या तुटीचं, मोजमाप करायला मंडळच लागेल.

पहिल्याच दिवशी 75,286 कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या. अर्थसंकल्प मार्चमध्येच झाला होता ना? मग हे काय? (निवृत्त बँक कर्मचारी, पुणे)

तुम्ही बँकेतले, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझ्या मते या अधिवेशनातला सगळ्यात महत्त्वाचा विषय हाच आहे, आणि सगळ्यात कमी वेळ मिळणार तोही यालाच.

मार्चमधला अर्थसंकल्प सात लाख कोटींचा होता आणि त्यातच 45,891 कोटींची महसुली तूट दाखवली होती. पावसाळी अधिवेशनात 57,509 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, आता 75,286 कोटींच्या. बेरीज 1 लाख 32 हजार कोटींच्या पुढे जाते. म्हणजे मूळ अंदाजाच्या जवळपास एकोणीस टक्के रक्कम वर्षाच्या मध्यात वाढवून मागितली. पुरवणी मागणी बेकायदा नाही, अनुच्छेद 205 मध्ये तिची सोय आहे. पूर आला, न्यायालयाने एखादी रक्कम भरायला सांगितली, केंद्राने नवी योजना आणली, तर तरतूद वाढवावीच लागते. यंदाच्या पावसाने शेती खरवडून नेली, त्या मदतीचे पैसे याच मागण्यांत आहेत. आणि सगळी रक्कम तिजोरीतून नव्याने जाते असंही नाही. काही नुसते जमाखर्चाचे मेळ असतात, काही केंद्राकडून आलेलेच पैसे असतात, तर काही बाबी हजार रुपयांच्या लाक्षणिक मागण्या असतात.

पण 'लाडकी बहीण'साठी मार्चमध्ये 36,000 कोटी धरले आणि डिसेंबरात त्यासाठी आणखी मागावे लागले, यात अवचित काय होतं? लाभार्थी किती आणि दरमहा किती द्यायचं, दोन्ही आकडे सरकारच्याच हातात होते. अंदाजात कमी दाखवायचं आणि पुरवणीत भरून काढायचं, ही सवय सगळ्याच सरकारांना आहे. मी ज्यांची ज्यांची भाषणं उतरवली त्या सगळ्यांना होती.

आता चर्चा कशी होते ते सांगतो. सदस्यांच्या हातात मागण्यांचं जाडजूड पुस्तक पडतं. प्रत्येक खात्याला एक अक्षर, त्यापुढे मागणी क्रमांक. सी-6 म्हणजे नैसर्गिक आपत्तीची मदत. बोलायला वेळ मिळतो पाच-सात मिनिटं. सदस्य उभा राहतो आणि सुरू करतो : "अध्यक्ष महाराज, पान क्रमांक अमुक, बाब क्रमांक तमुक, या निमित्ताने माझ्या मतदारसंघातील पुलाकडे मी लक्ष वेधू इच्छितो." पूल झाला की ग्रामीण रुग्णालय, रुग्णालय झालं की तलाठ्याची रिकामी जागा. बेल वाजते. "शेवटचा मुद्दा, अध्यक्ष महाराज." शेवटचे मुद्दे तीन-चार तरी असतात. त्यात पान आणि बाब क्रमांक चुकला तर आपलीच पंचाईत, म्हणून आम्ही पुस्तकाची एक प्रत शेजारी ठेवून बसायचो. मागणी एवढी का वाढली, आधीचे पैसे खर्च झाले का, हे विचारणारे सदस्य मला तोंडपाठ होते, इतके ते थोडे. ठरलेली वेळ संपली की उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकतात. सभागृहात त्याला गिलोटिनच म्हणतात. त्यानंतर हे पैसे तिजोरीतून काढायची परवानगी देणारं विनियोजन विधेयक, ते काही मिनिटांत पार.

ही पुस्तकं वित्त विभागाच्या संकेतस्थळावर असतात. बँकेत ताळेबंद वाचलेल्या माणसाला ती जड जाणार नाहीत. आधी बाबीखालचं स्पष्टीकरण वाचा. 'मूळ तरतूद अपुरी असल्याने' एवढंच लिहिलेलं दिसलं की पेन्सिलीने खूण करा.

दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेता नाही. त्यामुळे प्रत्यक्षात काय बिघडतं? नाहीतरी सगळे आरडाओरडाच करतात. (प्राध्यापिका, लातूर)

विधानसभेत 288 जागा. नोव्हेंबर 2024 च्या निकालात विरोधकांतला सगळ्यात मोठा पक्ष शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे), त्यांचे 20. काँग्रेसचे 16, राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) 10. एक दशमांशाचा दंडक लावला तर 29 हवेत, म्हणून कुणालाच पद नाही, असं एक बाजू म्हणते. राज्याच्या 1978 च्या कायद्यात दहा टक्क्यांचा आकडा नाही, सगळ्यात मोठ्या विरोधी पक्षाचा नेता आणि अध्यक्षांची मान्यता एवढंच आहे, असं दुसरी बाजू म्हणते. कायद्याचा मजकूर दुसऱ्या बाजूकडे झुकतो, पण मान्यतेची चावी अध्यक्षांकडेच आहे. विधान परिषदेत अंबादास दानवे यांची मुदत ऑगस्टमध्ये संपली आणि तिथलीही खुर्ची रिकामी झाली.

बिघडतं काय? मंत्र्याचा दर्जा, दालन, कर्मचारी हे वरवरचं. खरा फरक आमच्या टेबलावरून दिसायचा. विरोधी पक्षनेता उभा राहिला की मंत्री बसतो, अध्यक्ष थांबतात, माईक लागतो. दुसऱ्या कुणाला तो मान नसतो, त्याला हात वर करून वाट बघावी लागते. म्हणून मग ओरड वाढते. अधिवेशनाच्या शेवटी विरोधक मांडतात त्या अंतिम आठवडा प्रस्तावासारखी मोठी चर्चा एका तोंडाने मांडली जाण्याऐवजी तिघांत वाटली जाते आणि उत्तर देणाऱ्या मंत्र्याला ते सोयीचंच असतं.

बाहेरच्या समित्यांचंही बघा. माहिती आयुक्त निवडायच्या समितीत मुख्यमंत्री, एक मंत्री आणि विधानसभेतला विरोधी पक्षनेता असतो. तो नसेल तर सगळ्यात मोठ्या विरोधी गटाच्या नेत्याला त्या जागी धरायचं, असं माहिती अधिकार कायद्यातच लिहून ठेवलंय. दिल्लीत 2005 साली कायदा करणाऱ्यांना ही अडचण सुचली होती.

गोंधळात सगळे एकाच वेळी बोलतात तेव्हा तुम्ही काय लिहिता? (बारावीतला विद्यार्थी, सांगली)

ज्याला अध्यक्षांनी बोलायला परवानगी दिली, त्याचं. बाकीच्यांसाठी कंसात '(अडथळा)'. फारच झालं तर '(सभागृहात गोंधळ)'. बाळा, हौद्यात, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, उतरून घसा फोडणाऱ्या माणसाचं पुढे कार्यवृत्तात, म्हणजे कामकाजाच्या छापील नोंदीत, नावही राहत नाही.

तू कान द्यावास अशी जागा वेगळी आहे. त्याच गोंधळात अध्यक्ष शांतपणे वाचत असतात : "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे... प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे... होयचे बहुमत आहे." हे एवढं झालं की विधेयक संमत. कलमाकलमांवर बोलायची संधी असते, आणि ती घ्यायची तर आधी आपल्या जागेवर जाऊन बसावं लागतं.

जुन्नरचे आमदार बिबट्याचा वेश करून विधानभवनात आले. हे शोभतं का? (गृहिणी, ठाणे)

ठाण्यातून बघताना शोभत नसेल. जुन्नरच्या उसात पहाटे पाणी धरायला जाणाऱ्याला विचारा. कांद्याच्या माळा, बोंडअळीची कापसाची झाडं, सगळं त्या पायऱ्यांवर येऊन गेलंय, आणि फोटो निघाले की माळा तिथेच पडलेल्या असतात. माझी हरकत वेगळी आहे. वेश कार्यवृत्तात उमटत नाही. बिबट्या 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे राज्याला मनाला येईल तसं काही करता येत नाही, नसबंदीलाही केंद्राची परवानगी लागते. ती मागितली कधी, उत्तर काय आलं, पिंजरे किती आणि ते कुठल्या गावात लावलेत, हे मंत्र्याकडून वदवून घेतलं तर वेशाचे पैसे वसूल.

सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन गेलं. पंचनामा झाला, मदत आली नाही. अधिवेशन चालू आहे तोवर आमदाराकडून काय करून घेता येईल? (शेतकरी, धाराशिव जिल्हा)

दादा, तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, आता विसरा. त्याची सूचना अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी द्यावी लागते. आज छापील यादीत दिसणारे प्रश्न तेव्हाच दिलेले आहेत. चालू अधिवेशनात हाती मुख्यतः दोन गोष्टी आहेत, लक्षवेधी सूचना आणि औचित्याचा मुद्दा (तातडीचा विषय थोडक्यात सभागृहापुढे मांडणं). लक्षवेधी लागली तर मंत्र्याला लेखी निवेदन द्यावं लागतं आणि त्यावर उलट प्रश्न विचारता येतात. औचित्याच्या मुद्द्यावर बहुतेक वेळा 'शासनाने नोंद घ्यावी' एवढ्यावर भागतं. तेव्हा लक्षवेधीचाच आग्रह धरा.

'शेतकऱ्यांचे हाल' असं निवेदन देऊ नका, तसली निवेदनं आमदार निवासात गठ्ठ्याने पडतात. एका पानावर गावाचं नाव, पंचनाम्याची तारीख, यादीत नाव असूनही पैसे न आलेल्या खातेदारांची संख्या आणि अडकलं कुठे ते लिहा. ई-केवायसी झाली नाही, फार्मर आयडी नाही, सामाईक खातं आहे, की यादीच तहसीलमधून पुढे गेली नाही? ऑक्टोबरमध्ये 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात कोरडवाहूला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000, बहुवार्षिक पिकांना 22,500, तीन हेक्टरपर्यंत, आणि रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी 10,000 वेगळे. यातले नेमके कोणते आले आणि कोणते नाहीत, ते वेगवेगळं लिहा. दोन्ही एकत्र लिहिलं की उत्तरात 'मदत वितरित करण्यात आली आहे' एवढं येतं आणि विषय संपतो. कर्जमाफी यात आणू नका. त्यासाठी सरकारने 30 जून 2026 ची मुदत घेतलीय, आज विचाराल तर तीच तारीख परत ऐकायला मिळेल.

आणि मंत्री उत्तर देतील तेव्हा 'तपासून घेऊ'वर आमदारांना बसू देऊ नका. "किती दिवसांत?" एवढे दोन शब्द त्यांनी उभं राहून विचारायला हवेत. मंत्र्याने सभागृहात 'करू' म्हटलं की ते आश्वासनांचा पाठपुरावा करणाऱ्या समितीच्या यादीत जाऊ शकतं आणि मग खात्याला ते पुरं केल्याचं लेखी कळवावं लागतं. कार्यवृत्त विधानमंडळाच्या संकेतस्थळावर येतं. तारीख आणि सभागृह लक्षात ठेवून तेवढंच पान काढा आणि तहसीलदारांच्या अर्जाला जोडा.