वाचकांचे प्रश्न : दोन कुरणं, मधला बांध

प्रश्न : नान्नजजवळ आमची दोन कुरणं आहेत. एक मुरमाड माळ, दुसरं ओढ्याकाठच्या काळ्या जमिनीत, मधे बांध. माळावर कुसळी, पवन्या, डोंगरी ही गवतं. ओढ्याकडं बहुतेक मारवेल गवत. मारवेलाचं वजन जास्त भरतं, म्हणून माळ नांगरून तिथंही तेच लावायचा विचार आहे. दुष्काळात टिकेल का?
— एक शेतकरी, उत्तर सोलापूर तालुका

उत्तर : माळ नांगरू नका. मारवेलाचं वजन भरतं ते खोल जमिनीच्या जोरावर. मुरमात ओल फार दिवस राहत नाही; पावसानं ओढ दिली की तिथलं मारवेल आधी मान टाकेल. कुसळी-पवन्या थोड्या ओलीवर वाढ उरकतात, वाळल्या तरी बुडखा जिवंत राहतो आणि पुढच्या सरीला फुटतो. उलट सप्टेंबरात परतीचा पाऊस जोरात झाला की ओढ्याकाठी पाणी साचतं, तेव्हा निचऱ्याचा माळच चारा देतो. दोन्ही कुरणं एकाच वेळी मार खात नाहीत, हाच तुमचा फायदा. दोन्हीकडं एकच गवत केलंत की तोटाही एकदमच येईल.

परिसंस्थांचे अभ्यासक मिशेल लोरो आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हीच गोष्ट गणितानं मांडली : एकमेकांना जोडलेल्या, पण परिस्थितीनं वेगळ्या तुकड्यांत एकूण उत्पादन स्थिर राहतं, मात्र जातींची ये-जा, म्हणजे बी एका तुकड्यातून दुसऱ्यात जाणं, मध्यम असेल तरच. ये-जा बंद पडली तर एखाद्या तुकड्यातून गेलेली जात परत येत नाही. फार वाढली तर जोरदार जात सगळीकडं पसरते आणि तुकडे सारखेच होतात.

अमेरिकेतल्या मिनेसोटात सीडर क्रीक इथल्या कुरणाच्या प्रयोगात १९८८ च्या दुष्काळात भरपूर जातींच्या वाफ्यांचं उत्पादन साधारण निम्म्यावर आलं. एक-दोन जाती उरलेल्या वाफ्यांचं आठव्या हिश्श्याच्याही खाली गेलं. यात एक मेख आहे. तिथल्या बऱ्याच वाफ्यांतल्या जाती नत्रखतामुळंच घटल्या होत्या, त्यामुळं सगळं श्रेय जातींच्या संख्येला द्यायचं की नाही यावर अभ्यासकांत वाद झाला. तुमच्यापुरता अर्थ सरळ : माळावर युरिया फेकू नका. नत्र मिळालं की दोन-तीन उंच जाती बाकीच्यांवर सावली धरतात.

बांधाचा दोन-तीन मीटर रुंद पट्टा बी गळेपर्यंत कापू नका, म्हणजे ये-जा चालू राहील. कुसळीचं बी मेंढ्याच वाहून नेतात : टोकदार बी लोकरीत घुसतं, जमिनीवर पडलं की त्याचं पिळदार कुसळ दमट हवेत उलगडतं, वाळलं की पुन्हा पीळ घेतं आणि बी मातीत रुततं. हेच कुसळ जनावराच्या तोंडात जखमा करतं. म्हणून कुसळी फुलोऱ्याआधी चारा किंवा कापा. चौथाई भाग मात्र बियाला सोडा, आणि दरवर्षी तो भाग बदला. त्याच बांधावरून गाजर गवतही येतं. फुलायच्या आत मुळासकट उपटा, नाहीतर ही वाट त्याचीच होईल.

प्रश्न : दोन कुरणांत किती फरक आहे, हे घरच्या घरी मोजता येतं का?

उत्तर : येतं. एक मीटर बाय एक मीटरची सळईची चौकट करा. प्रत्येक कुरणात डोळे मिटून चौकट टाकावी तशा दहा जागा घ्या. नेमकं दाट गवत निवडायचा मोह होतो आणि आकडा फुगतो. प्रत्येक जागी जाती लिहा, गवत जमिनीपासून पाच सेंटिमीटरवर कापा, वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. चौरस मीटरला १०० ग्रॅम वाळका चारा म्हणजे एकरी सुमारे ४०५ किलो.

समजा माळावर ९ जाती, ओढ्याकाठी ११, दोन्हीकडं सामाईक ४. एकूण जाती १६, सरासरी १०. १६ भागिले १० म्हणजे १.६. दोन कुरणांच्या बाबतीत हा आकडा १ असेल तर दोन्हीकडं त्याच जाती, २ असेल तर एकही सामाईक नाही. दरवर्षी ऑक्टोबरात, त्याच पद्धतीनं मोजा. आकडा १ कडं सरकत असेल तर एखादं गवत दोन्हीकडं माजतंय किंवा चराई जास्त होतेय. आकडा वाढलाय म्हणूनही लगेच खूश होऊ नका. कधी सामाईक जाती मेल्यामुळंही तो वाढतो. म्हणून शेजारी एकूण जातींचा आकडा लिहून ठेवा.

प्रश्न : मातीची दोन शेततळी पाइपनं जोडली तर उन्हाळ्यात पाणी हिरवं व्हायचं थांबेल का?

उत्तर : नाही. हिरवेपणा मुख्यतः पाण्यात उतरलेल्या खताचा आणि उन्हाचा आहे. जोडल्यावर एका तळ्याचा शेवाळी थर दुसऱ्यातही जाईल, तिलापिया मासाही जाईल. सांडव्याची चर पुरेशी आहे : पावसाळ्यात तळं भरल्यावरच पाणी पलीकडं जाईल, उन्हाळ्यात दोन्ही अलग राहतील. चरीच्या तोंडाशी मारवेलाचा पट्टा ठेवा, गाळ तिथंच अडतो.